वैशाखातील काठ : मा. जिल्हाधिकारी, बीड यांस अनावृत पत्र

महोदय,

दर वर्षी नोव्हेंबरच्या ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंत राज्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे आपल्या जिल्ह्यातही पक्षिसप्ताह साजरा होतो. शाळांतून चित्रकलेच्या स्पर्धा होतात, कार्यालयांच्या भिंतींवर मोराची आणि खंड्याची रंगीत चित्रे लागतात, आणि ज्यांच्या जन्मतिथींच्या दरम्यान हा सप्ताह योजिला आहे त्या मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली या दोन थोर पुरुषांच्या प्रतिमांना हार घातले जातात. या योजनेत गैर असे काही नाही. कोणत्याही सप्ताहाला कोणती तरी तारीख लागतेच, आणि या दोघांच्या जन्मतिथींहून अधिक योग्य तारखा शासनाला सापडल्याही नसत्या. परंतु त्या दिवसांत, परतीच्या पावसाने कृपा केली असेल तर, बिंदुसरेचा तलाव काठोकाठ भरलेला असतो, उत्तरेकडचे पाहुणे पक्षी नुकतेच कोठे उतरू लागलेले असतात, आणि ज्याला कोणी संरक्षण द्यावे असा पक्षी त्या काठावर शोधूनही सापडणे कठीण असते. ज्या आठवड्यांत ती गरज प्राणांतिक होते ते आठवडे वैशाखात येतात; आणि त्या वेळी आपले सारे कार्यालय टँकर, चारा आणि टंचाईचे आराखडे यांत असे गढून गेलेले असते की तलावाच्या उघड्या पडलेल्या तळाकडे पाहण्यास कोणालाही उसंत नसते.

हे पत्र त्या वैशाखासंबंधी आहे. आणि त्यातील मागणी काहीशी विपरीत वाटण्याजोगी असल्यामुळे ती आरंभीच सांगून टाकतो. तलावाच्या काठाने कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या आम्हां लोकांना आपण आवरावे, आणि आवरल्यानंतर आमच्याकडून सरकारचे काम करून घ्यावे, अशी ही दरखास्त आहे.

मी कोण, हे सांगण्यासारखे विशेष नाही. पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प, सिंदफणेवरील माजलगावचे धरण, केज तालुक्यात धनेगावला अडविलेली मांजरा आणि बालाघाटाच्या उतरणीवरचे, नावानिशी कोणाला ठाऊक नसलेले पाझर तलाव हे माझे हिंडण्याचे क्षेत्र. आणि वर्षाच्या सर्व ऋतूंत तेथील पक्ष्यांची छायाचित्रे घेणे हा माझा, फारसा खर्च झेपत नसताही न सुटलेला, नाद. या जिल्ह्यात निसर्गाने घडविलेले मोठे सरोवर नाही. जे काही पाणी उन्हाळ्यापर्यंत डोळ्यांना दिसते ते माणसाने अडविलेले आहे; आणि ही परंपरा बीडला नवी नाही, कारण निजामशाहीच्या अमदानीत बांधलेली खजाना बावडी आजही गावाबाहेर पाणी धरून उभी आहे, आणि कंकालेश्वराचे देऊळ तर आपल्या भोवतीच्या तळ्यातच पाय बुडवून शतकानुशतके उभे आहे. पैठणच्या धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ साली बसविली, त्याचे पाणी उजव्या कालव्याने गेवराईच्या शिवारातून माजलगावास आणण्याची योजना झाली, आणि १९८७ च्या सुमारास माजलगावचा जलाशय पुरा झाला. तेव्हा ज्यांनी हे नकाशे काढले त्यांच्या मनात ऊस, कापूस आणि पिण्याचे पाणी एवढेच होते, पक्षी नव्हता. पक्षी आला तो आमंत्रणावाचून, आणि आला तो राहिला.

आता प्रशासनाच्या दृष्टीने त्याची स्थिती कशी आहे ते पाहावे. तलावातील पाणी पाटबंधारे खात्याचे, पाण्यातला मासा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेचा, पाणी हटल्यावर उघडी पडणारी बुडीत जमीन पुन्हा पाटबंधाऱ्याचीच परंतु तिच्या वहितीची कटकट महसुलाच्या दारी येणारी, आणि त्या जमिनीवर अंडी घालणारा पक्षी वनखात्याचा. अशी ही चार दफ्तरांची वाटणी असून त्यांतील कोणत्याही एका दफ्तरात ‘तलावाचा काठ’ या नावाचे प्रकरण नाही. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले, त्यांत पाणथळ जागेची व्याख्या करताना पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील, निदान नाव घेण्याजोगे, सारेच जलाशय एका वाक्यात नियमाबाहेर गेले. यातील विनोद असा, की रामसर कराराच्या यादीत महाराष्ट्रातून २०१९ साली जे पहिले स्थळ गेले ते नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हेदेखील गोदावरीवर इंग्रजी अमदानीत पाटबंधाऱ्यासाठीच घातलेल्या एका बंधाऱ्याचे अपत्य आहे. बंधारा माणसाने बांधला की नाही याची चौकशी पक्षी करीत नाहीत. आपल्या जिल्ह्यात अभयारण्य नाही असेही नाही. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे. परंतु मोर हा डोंगरउतारांवरचा, कोरड्या झुडपांतला पक्षी, त्याच्या संरक्षणाने टिटवीला काय मिळणार?

कायद्याची ही सूक्ष्म चर्चा येथे थांबवून काठाचे वर्ष कसे जाते ते सांगतो, कारण ते ठाऊक नसल्यानेच नोव्हेंबरातला पक्षिसप्ताह पुरेसा वाटतो.

मृगाचा पाऊस पडून पहिले गढूळ पाणी ओढ्यांतून तलावात शिरले की छायाचित्रकाराचे काम जवळजवळ बंद पडते. आभाळ भरलेले, प्रकाश मळकट, वाट चिखलाची. बुडित क्षेत्रातल्या बाभळींवर मात्र या दिवसांत बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची घरटी दाटीने लागतात, पाझर तलावांच्या काठच्या झाडांना सुगरणीचे खोपे लोंबू लागतात, आणि हळदी-कुंकू बदकाची जोडी आपल्या पिलांची रांग गवताच्या आडून नेताना क्षणभर दिसून नाहीशी होते. श्रावणात मी कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण अधिक वापरतो. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे बरसली, सांडव्यावरून पाणी पडू लागले, म्हणजे सारे बीड शहर ते पाहावयास लोटते, आणि ते योग्यच आहे, कारण त्या पाण्यावर शहराचा पुढचा उन्हाळा अवलंबून असतो; परंतु पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर भरलेला तलाव हा पंक्तीला पाने मांडली जाण्यापूर्वीचा मांडव आहे. चिखलातले किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना लागतो तो घोट्याएवढ्या पाण्याचा उथळ पट्टा. तो पाणी ओसरू लागल्यावर, हळूहळू, पौष-माघात तयार होतो.

दसरा-दिवाळी उलटली की या जिल्ह्यातल्या वाड्या आणि तांडे ऊसतोडीला बाहेर पडतात. गाड्या भरतात, शाळेची पटसंख्या घसरते, घरांना कुलपे लागतात आणि ओट्यावर म्हातारी माणसे तेवढी उरतात. याच पंधरवड्यांत तलावावर बदके उतरतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांचे थवे पहाटेच्या धुक्यात पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. पैठणच्या धरणाच्या जलाशयाच्या, नाथसागराच्या, बाजूस पट्टकादंब येतात, ज्यांनी त्यासाठी हिमालय ओलांडलेला असतो, आणि कांड्या करकोचे येतात, ज्यांची जन्मभूमी मंगोलिया आणि कझाकस्तानच्या गवताळ माळांवर आहे. माणसांच्या आणि पक्ष्यांच्या या दोन प्रवासांची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो होत नाही, कारण पक्षी जातो तेव्हा त्याच्यावर मुकादमाची उचल नसते. मी नोंद करतो ती एवढ्याचसाठी, की हिवाळाभर काठावर मला जी माहिती मिळते ती ओट्यावरच्या म्हाताऱ्यांकडून मिळते. कोणत्या वर्षी वारकरी पक्ष्यांनी सारा तलाव काळा झाला होता, कोणत्या साली करकोचे हरभऱ्यात उतरले होते, कोणत्या दुष्काळात पाणी आटल्यावर मासे टिपावयास बगळ्यांची झुंबड पडली होती, हे त्यांना तिथीसह ठाऊक असते आणि कोणत्याही कागदावर ते नाही.

हिवाळ्यातील छायाचित्रण हे, खरे सांगावयाचे तर, आळशी माणसाचे सुख आहे. सूर्य सकाळी साडेआठपर्यंत तिरपा राहतो, प्रकाश मऊ असतो, पक्षी पुष्कळ असतात, आणि शेवाळात तोंड खुपसून बसलेला थापट्या माणसाला फारसा भीत नाही. अडचण असते ती उजेडाच्या हिशेबाची. पांढरा बगळा आणि काळा वारकरी एकाच चौकटीत आले तर बगळ्याचा तपशील टिकवावा की वारकऱ्याचा, हे बोटाला क्षणात ठरवावे लागते, आणि मी नेहमी बगळ्याच्या बाजूने कौल देतो, कारण करपलेला पांढरा रंग मागाहून कोणत्याही उपायाने परत येत नाही. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे येतात आणि शेतात माळ्यावर उभ्या असलेल्या पोरांच्या गोफणी चालू होतात. शेतकऱ्याचा त्यांच्यावरचा राग समजण्याजोगा आहे. तथापि याच भोरड्या एरवी नाकतोड्यांचा फडशा पाडतात, याकडे कृषी खात्याने कधी लक्ष वेधल्याचे माझ्या ऐकिवात नाही. असो, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

फाल्गुन सरला की बदके जातात. येथून पुढचा काठ हा छायाचित्रकारांनी पाहिलेला, पण सरकारने न पाहिलेला काठ आहे.

पाणी दिवसादिवसाने मागे सरकते. त्याच्या पाठोपाठ शेतकरी आपली मोटार घेऊन पुढे जातो, पाण्यापर्यंत चर खणतो, नळ्या जोडतो. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. टरबूज, काकडी, चाऱ्याचा मका. जेथे पीक घेतलेले नाही तेथे चिखल वाळून त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगाळलेल्या, गोट्यांनी भरलेल्या, सावलीचा एक कणही नसलेल्या भूमीवर टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या, छोटी आर्ली आणि नदी सुरय हे पक्षी आपला संसार मांडतात. घरटे असे नसतेच. जमिनीत एक उथळ खळगी, फार तर भोवती चार खडे. टिटवीची अंडी बहुधा चार, टोके आतल्या बाजूस मिळविलेली, आणि रंग मातीचाच, त्यावर तपकिरी डाग; माणूस शेजारून गेला तरी दिसणार नाहीत, आणि त्यावरून गेला तरी त्याला कळणार नाही. पूर्वी तलावात मधेच उरणाऱ्या उंचवट्यांवर सुरय निर्धास्त अंडी घालीत; पाणी आणखी उतरले म्हणजे ते बेट काठाला जोडले जाते आणि रात्रीतून कुत्री तेथे पोचतात.

या पक्ष्यांचे एक वर्तन मी पुष्कळ वेळा पाहिले आहे आणि ते आपणासही एकदा दाखवावे अशी माझी इच्छा आहे. हवेचे तापमान ४२ अंशांच्या वर गेलेले असते, उघडी जमीन तर त्याहून तापते. अशा वेळी अंडी उबवावयाची नसतात, वाचवावयाची असतात. टिटवी खळगीवर बसत नाही, उभी राहते. पंख किंचित सैल सोडलेले, चोच उघडी, घशाची कातडी थरथरणारी, आणि तिची स्वतःची सावली नेमकी चार अंड्यांवर पडेल अशा रीतीने ती सूर्याबरोबर हळूहळू फिरत राहते. काही वेळाने तिचा जोडीदार पाण्याच्या बाजूने चालत येतो. त्याच्या पोटाखालची पिसे निथळत असतात, कारण तो उथळ पाण्यात बसून, अंग डोलवून ती मुद्दाम भिजवून आलेला असतो. पाळी बदलते, तो अंड्यांवर अलगद टेकतो, आणि त्या ओलाव्याने अंडी निवतात. ऊन उतरेपर्यंत हे चालते. त्यात खंड पडून उन्हात अंडी काही मिनिटे उघडी राहिली, तर आतला जीव शिजून जातो. बाहेरून अंड्यावर कसलीही खूण दिसत नाही, आणि टिटवी त्यानंतरही कित्येक दिवस त्यावर सावली धरून उभी राहते.

हा खंड पाडतो कोण? कुत्रा पाडतो, मेंढरांचा कळप पाडतो, गाळ उपसणारे यंत्र पाडते. आणि त्या सर्वांइतकाच, किंबहुना अधिक वेळ एका जागी ठाण मांडून बसल्यामुळे अधिक परिणामकारकपणे, छायाचित्रकार पाडतो. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. भिंगाची लांबी ६०० मिलिमीटर असली तरी टिटवीएवढा पक्षी चौकटीत भरदार यावयाचा तर वीस पावलांच्या आत जावे लागते; आणि आपल्याकडील वैशाखात सकाळी नऊनंतर जमिनीलगतची हवा अशी उकळू लागते की लांबून घेतलेल्या चित्रात पक्ष्याच्या कडा मृगजळात विरघळून जातात, डोळा कोठे आणि पीस कोठे हे कळेनासे होते. कॅमेरा कितीही महाग घ्या, ती हवा तो ओलांडू शकत नाही. मग उपाय एकच उरतो, जवळ सरकणे. पोटावर सरपटत, मोठ्या निष्ठेने, घामाने भिजत माणूस जवळ जातो, टिटवी ओरडत उठते, तिचे ओरडणे त्याला चित्राला जिवंतपणा आणणारे वाटते, आणि तो वाट पाहत तेथेच पडून राहतो. संध्याकाळी ते चित्र भ्रमणध्वनीवर ठिकाणासह प्रसिद्ध होते. पुढच्या रविवारी तेथे पाच गाड्या उभ्या असतात. ड्रोन उडविणारे आले तर वेगळेच. वरून घोंगावणारी ती वस्तू पक्ष्यांना ससाण्याहून निराळी वाटत नाही, आणि सबंध वसाहत एकदम हवेत उठते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यातील ‘शिकार’ या संज्ञेची व्याख्या मी आपणापुढे ठेवावी हे धाडसाचे होईल. तरीही आमच्या व्यवसायबंधूंपैकी फार थोड्यांनी ती वाचली असल्यामुळे येथे सांगतो, की रानपक्ष्यांची अंडी फोडणे हीच केवळ शिकार नव्हे, तर त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हीही त्या व्याख्येनुसार शिकार आहे. म्हणजे बंदूक नसतानाही आम्ही शिकारी होऊ शकतो, आणि अंगावर शिकाऱ्याचेच हिरवे-करडे कपडे घालून होतो, ही गोष्ट निराळी.

बंदुकीचा उल्लेख आला म्हणून एक जुनी हकीकत. बीड हा हैदराबाद संस्थानाचा, औरंगाबाद सुभ्यातील जिल्हा होता त्या काळी, तरुण सालिम अलींनी त्या संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली, आणि त्या पाहणीचे अहवाल १९३३-३४ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आले. त्या काळची शास्त्रीय रीत अशी, की पक्षी ओळखावयाचा तर तो मारून त्याचे कातडे पेंढा भरून ठेवावयाचे, त्याला तारीख-स्थळाची चिठ्ठी बांधावयाची, आणि ते संग्रहालयात दाखल करावयाचे. आज ते क्रूर वाटेल. पण त्या चिठ्ठीकडे लक्ष द्यावे. कोणता पक्षी, कोणत्या जागी, कोणत्या दिवशी, एवढे तिच्यावर असे, आणि म्हणूनच नव्वद वर्षांनंतरही ती माहिती उपयोगी पडते. आम्ही पक्षी मारीत नाही, परंतु चिठ्ठीही बांधीत नाही. इंग्रज रेल्वे-अभियंता लोथर याने भारतातील पक्ष्यांच्या छायाचित्रणावर १९४९ साली पुस्तक प्रसिद्ध केले. काचेच्या जड तबकड्या, तिवई आणि कापडी लपण घेऊन तो घरट्यांपाशी बसत असे. एकेक तबकडी खर्ची पडत असल्यामुळे त्याला विचार करून कळ दाबावी लागे. आमचा कॅमेरा सेकंदाला वीस चित्रे घेतो, आणि त्यांतील बहुतेक कोणाच्याही उपयोगी न पडता आमच्या घरच्या पेटीत निजून राहतात.

येथे माझ्या अर्जाचा दुसरा भाग येतो. या जिल्ह्यातील हौशी छायाचित्रकारांच्या संग्रहांत मिळून आपल्या तलावांचा एक अलिखित जमाबंदी-दस्तऐवज पडून आहे. कोणत्या महिन्यात पाणी कोणत्या खुणेपर्यंत होते, कोणता उंचवटा कधी बेट झाला आणि कधी काठाला लागला, कोठल्या बाभळी तुटल्या, कोणत्या तलावावर तंगूसच्या जाळ्यात टिबुकल्या अडकून मेल्या, हे सारे त्या चित्रांच्या पार्श्वभूमीत, पक्ष्याच्या मागे, धूसर का होईना पण आहे. २०१६ च्या एप्रिलात मांजरा आटून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी कोठे आणि किती दिवस ओल टिकली हे जर कोणाला जाणून घ्यावयाचे असेल, तर त्या डबक्यांवर गर्दी केलेल्या चित्रबलाकांची आणि चमच्यांची छायाचित्रे ज्यांनी घेतली त्यांना विचारावे. (दुष्काळाचे पहिले महिने आम्हां लोकांस पर्वणीचे असतात, हे कबूल करताना संकोच होतो, पाणी जितके थोडे, तितके पक्षी जवळ. डबके पुरते आटले की पक्षीही जातात आणि आम्हीही.) पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे, पण ती एका महिन्याची आहे, आणि वैशाखाची गणना कोणी करीत नाही.

म्हणून आपण असे करावे. चैत्री पाडव्यापासून मृग निघेपर्यंत, बिंदुसरा, माजलगाव आणि मांजरा या तीन जलाशयांच्या उघड्या तळावर, वहितीच्या आणि मासेमारीच्या कामाखेरीज, कोणीही कॅमेरा घेऊन उतरू नये, भिंतीवरून किंवा जुन्या काठावरून काय दिसेल ते टिपावे, अशी ताकीद पाटबंधारे आणि वन या दोन्ही खात्यांच्या संमतीने काढावी. ड्रोनला तर मुळीच मुभा असू नये. मनाई मोडणाऱ्यास दंड करताना तो आमच्यापैकी आहे, शिकलेला आहे, पक्षिप्रेमी आहे, असा मुलाहिजा ठेवू नये. त्याचबरोबर प्रत्येक जलाशयावर चार-पाच जागा खुंट रोवून मुक्रर कराव्या, जेथून दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, त्याच दिशेने, तेच दृश्य टिपले जाईल. आणि ही चित्रे तारीख-स्थळासह आपल्या दफ्तरी रुजू व्हावी. हे काम आम्ही विनामोबदला करू. त्यासाठी निधीचे नवे शीर्ष काढावे लागणार नाही; एक जबाबदार अव्वल कारकून आणि एक कपाट पुरेल.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तेथे शेतकऱ्याचा संबंध येतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून राज्यात आहे, आणि हलक्या मुरमाड जमिनीत काळा गाळ पडल्यावर पिकात काय फरक पडतो हे मी स्वतः पाहिले असल्यामुळे तिच्याविरुद्ध एक शब्दही लिहिणार नाही. पण गाळ काढता येतो तो तळ उघडा पडल्यावरच, म्हणजे नेमका अंड्यांच्या दिवसांत. येथे पक्ष्यासाठी शेतकऱ्याला थांबवा असे म्हणणे उद्धटपणाचे होईल, आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. कारण सुरय आणि आर्ली वसाहत करून, एका ठराविक लहानशा पट्ट्यात अंडी घालतात, ते पट्टे बहुधा वर्षानुवर्षे तेच असतात, आणि गाळाने भरलेल्या खोलगट भागात ते नसतात. ते असतात गोट्यांच्या उंचवट्यावर, जेथला माल शेतकऱ्याला नकोच असतो. परवाना देण्यापूर्वी एक पाहणी करून तेवढ्या जागेभोवती चुन्याची रेघ मारली आणि यंत्रांची ये-जा दुसऱ्या बाजूने ठेवली, तर कोणाचेही ट्रॅक्टरभर नुकसान होणार नाही. गाळपेराच्या जमिनी देताना पाण्यालगतचा अरुंद पट्टा मोकळा सोडण्याची अट घातली तर तीही निभावण्याजोगी आहे. जाळ्यांत सापडलेल्या पक्ष्यांसाठी शिरूर कासार तालुक्यात तागडगावला ‘सर्पराज्ञी’ हे जखमी वन्यजीवांवर उपचार करणारे केंद्र आहे. त्याचा पत्ता प्रत्येक मच्छीमार संस्थेच्या फलकावर लागावा, एवढी सूचना सहज अमलात येईल.

यावर कोणी म्हणेल, की भिगवणकडे पाहा. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहावयास पुण्या-मुंबईची माणसे येतात, मच्छीमारांच्या नावांना भाडे मिळते, खानावळी चालतात, मग बीडने का मागे राहावे? प्रश्न रास्त आहे, आणि ज्या जिल्ह्यातून दर वर्षी इतकी माणसे पोटासाठी बाहेर जातात तेथे तो हसण्यावारी नेण्याचा मला अधिकार नाही. हिवाळ्यात, भरल्या पाण्यावर, काठच्या गावच्या पोरांना वाटाडे म्हणून शिकवून तयार केले आणि चार पैसे त्यांच्या हाती पडले, तर मला आनंदच होईल. फक्त त्या धंद्याचे दार फाल्गुनअखेर बंद व्हावे, आणि ते बंद करण्याची सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते आजच ठरवावे. एकदा रोजी बांधली गेली म्हणजे बंदी घालणे कठीण आणि अन्यायाचेही होते.

गाळपेराच्या जमिनींचे अर्ज आणि गाळ काढण्याचे परवाने यंदा आपल्या पुढ्यात येण्यापूर्वी, आपण एकदा वैशाखातच, बिंदुसरेवर प्रत्यक्ष यावे अशी विनंती आहे. पंचनाम्याचा लवाजमा नको. आपण आणि पाटबंधाऱ्याचे एखादे शाखा अभियंता एवढे पुरेत. सकाळी साडेसहाच्या आत पोचावे, गाडी भिंतीखालीच सोडावी, डोक्याला रुमाल असावा. दुर्बीण माझ्याजवळ आहे; तिवईही मीच आणीन.

कळावे.

आपला विश्वासू,
बिंदुसरेच्या काठचा एक छायाचित्रकार